पंख्यावर नाव घालता येतं, आयाबाईंच्या पगारावर नाही

सदाफुली | मंगळवार, रात्री १०.४०

आई जाऊन दोन वर्षं होतील. शेवटची सात वर्षं ती डिमेन्शियात (स्मृतिभ्रंशात) होती आणि त्यातली चार आमच्या गावातल्या एका छोट्या डे केअरमुळे निभावली. ती गेल्यावर तिथला जमाखर्च माझ्याकडे आला. (बँकेतून निवृत्त झालेलं माणूस दिसलं की विश्वस्तांचे डोळे चमकतात.)

चौदा आजी-आजोबा, सकाळी दहा ते पाच. तीन आया, स्वयंपाकाच्या एक ताई, आठवड्यातून दोनदा फिजिओ आणि ने-आण करायला एक जुनी व्हॅन. महिन्याला एक लाख साठ हजार लागतात. फीमधून नव्वद येतात, कारण त्याहून जास्त फी लावली तर निम्मे लोक घरी बसतील. उरलेले सत्तर हजार दर महिन्याला कुणाच्या तरी दारात उभं राहून आणायचे.

गेल्या आठवड्यात गावातले एक व्यापारी आले. आईवडिलांच्या नावाने पन्नास हजार द्यायचे होते. मी म्हटलं, आयांचा एका महिन्याचा पगार थकलाय, त्यात द्या, देवासारखे आलात. ते म्हणाले, "पगारात नको हो ताई, काहीतरी दिसणारं सांगा. पंखे? पाण्याचा फिल्टर?"

आमच्या हॉलमध्ये चार पंखे आहेत आणि चारींच्या पात्यांवर लाल रंगात "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ". पंखा बंद असला की नावं वाचता येतात, सुरू झाला की गायब. फिल्टर तीन आहेत, त्यातले दोन चालत नाहीत. शेवटी त्यांनी लोखंडी कपाट दिलं. आता त्यात मी उधारीवर आणलेले डायपर ठेवते.

विस्मरणाच्या माणसांच्या खोलीत "स्मरणार्थ" एवढ्या ठिकाणी लिहिलंय याचं आधी हसू यायचं, आता येत नाही. मला विचारायचंय ते असं: या आजारासाठी बाहेर, म्हणजे परदेशात आणि आपल्याकडेही, पैसे उभे कसे करतात? संशोधनाला मिळतात तसे सांभाळायला मिळतात का? कुणी असं काम केलं असेल तर लिहा.

खिडकीपाशी | मंगळवार, रात्री ११.१५

वाखूसा (वाचनखूण साठवली). सासऱ्यांना गेल्याच महिन्यात निदान झालंय, त्यामुळे सध्या फक्त ऐकणार.

लेस्टरकर | बुधवार, पहाटे ३.०५

सदाफुलीताई, इकडचं सांगतो. मी आयटीवाला, पण बाबांना हा आजार झाल्यावर इथल्या संस्थांच्या वाटेला लागलो.

ब्रिटनमध्ये मोठ्या संस्था तीन आणि तिघींचं दुकान वेगळं. अल्झायमर्स सोसायटी १९७९ पासूनची (अल्झायमर हा डिमेन्शियाचाच सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार). ती हेल्पलाइन, घरच्यांना सल्ला, गाण्यांचे गट असं सगळं करते आणि संशोधनालाही पैसे देते. अल्झायमर्स रिसर्च यूके फक्त संशोधन. आणि डिमेन्शिया यूके ही ॲडमिरल नर्सेसची संस्था. या नर्स रोग्यापेक्षा त्याला सांभाळणाऱ्याकडे जास्त बघतात. नाव वाचून मला वाटलं नौदलाचं काहीतरी असेल. तसं नाही. जोसेफ लेव्ही नावाचे गृहस्थ होते, त्यांना बोटीचं वेड, म्हणून घरचे "ॲडमिरल जो" म्हणायचे. त्यांना डिमेन्शिया झाला, कुटुंबाचे हाल झाले आणि त्या कुटुंबाने ही नर्सची कल्पना उभी केली. म्हणजे तिकडेही स्मरणार्थच, पण नाव लागलं ते पगारी माणसाला, पंख्याला नाही!

पैसे येतात कसे? लोकांना वाटतं चालणं-धावणं. ते आहेच. मी २०१९ ची लंडन मॅरेथॉन धावलो. त्या वर्षी पहिल्या दोन संस्थांनी हातमिळवणी करून "डिमेन्शिया रेव्होल्यूशन" नावाची एकच मोहीम काढली होती आणि त्या मॅरेथॉनची अधिकृत संस्था तीच होती. संस्था आयोजकांकडून शर्यतीत धावायची जागा विकत घेते, ती जागा तुम्हाला देते, बदल्यात तुम्ही साधारण दोन हजार पौंड जमवायचं कबूल करता. मग ऑफिसात, शेजारी, मुलांच्या शाळेत हात पसरायचे. माझ्या पानावर सगळ्यात मोठी देणगी आमच्या कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराची होती. त्याच्या वडिलांना हाच आजार आहे हे मला आठ वर्षांत पहिल्यांदा कळलं.

शिवाय इथे गिफ्ट एड आहे. करदात्याने एक पौंड दिला की सरकार २५ पेन्स संस्थेला वरून देतं. पण खरा मोठा पैसा मृत्युपत्रातून येतो. गाजावाजा नाही, टीशर्ट नाही. कुणी एकटी बाई जाते आणि घराचा काही हिस्सा संस्थेच्या नावे लिहून गेलेली असते. धावणाऱ्यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, वर्षाचा हिशेब जुळतो तो त्या न दिसणाऱ्या बायकांमुळे.

फटकळ | बुधवार, सकाळी ९.२०

कुणीतरी उलटं बोलायला हवं म्हणून बोलतो. दर २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन म्हणून जांभळ्या टोप्या घालून चालायचं, फोटो काढायचे, झालं. इतकी वर्षं संशोधनाला पैसे देताहेत, औषध कुठे आहे? औषध कंपन्यांना नफा हवाय तर त्यांनीच करावं संशोधन. आणि तुमच्या त्या संस्थांच्या प्रमुखांचे पगार बघा. आजीबाईंच्या पेन्शनमधून हे चालवायचं?

सदाफुलीताईंच्या केंद्राला द्यावेत पैसे, हे मान्य. पण "संशोधन" शब्द दिसला की माझा हात खिशाकडे जात नाही.

हिशेबनीस | बुधवार, सकाळी ११.००

सदाफुलीताई, आधी तुमच्याच वहीत डोकवा. आयांचा पगार तुमच्या उत्पन्न-खर्च पत्रकात कुठे जातो? मी पैजेवर सांगतो, "आस्थापना खर्च" या शीर्षाखाली. निम्म्या छोट्या न्यासांचे हिशेब लिहिणारे हेच करतात, कारण पगार म्हटलं की हात आपोआप तिकडे वळतो. धर्मादाय आयुक्तांकडे जो अनुसूची ९ चा तक्ता जातो त्यात "न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च" असं स्वतंत्र शीर्ष आहे. तुमच्या न्यासाचं उद्दिष्ट काय? स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचा सांभाळ. तो कोण करतं? आया. मग त्यांचा पगार हा ऑफिसचा खर्च कसा? तेच तर काम आहे! आस्थापनेत तुमचा प्रिंटर, ऑडिट फी आणि विश्वस्तांचा चहा घाला.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. कंपन्यांच्या सीएसआरला (नफ्यातून समाजकार्यावर करायच्या खर्चाला) गेलात तर नियम असा की प्रशासकीय खर्च कंपनीच्या त्या वर्षीच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांवर जाता कामा नये. पण प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला लागणारा खर्च त्या ५ टक्क्यांत धरतच नाहीत. परदेशी देणग्यांच्या कायद्यातही तेच. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली, तरी रुग्णालयातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार त्यातून वगळलेला आहे. देणगीदार पगाराला नाक मुरडतात याला आपणही जबाबदार आहोत. आपणच तो पगार अडगळीच्या शीर्षाखाली दाखवतो.

सीएसआरसाठी आयकर खात्याकडची १२अ आणि ८०जी नोंदणी लागेल, शिवाय सीएसआर-१ अर्ज. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वृद्धाश्रम आणि ज्येष्ठांची दिवसभराची केंद्रं स्पष्ट नावानिशी आहेत, तेव्हा "आमच्या धोरणात बसत नाही" असं कुणी म्हटलं तर अनुसूचीच पुढे करा.

८०जीबद्दल, म्हणजे देणगीदाराला मिळणाऱ्या करसुटीबद्दल: नव्या कररचनेत गेलेल्या माणसाला ही सूट मिळत नाही, त्यामुळे "कर वाचेल" हे आमिष आता बऱ्याच लोकांना लागू नाही. दोन हजारांवर रोख देणगीला सूट नाही. आणि लेस्टरकर, तुमच्या गिफ्ट एडचा मला हेवा वाटतो. तिकडे सरकारची सवलत संस्थेच्या पेटीत पडते, आपल्याकडे दात्याच्या खिशात.

टिवटिव | बुधवार, दुपारी १.१०

फोटोबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. बाबांच्या सांभाळासाठी आम्ही एका ऑनलाइन वर्गणीच्या संकेतस्थळावर पान उघडलं होतं. तिकडून फोन आला की फोटो बदला, यात ते हसताहेत. "जरा आजारी दिसणारा आहे का?" बाबा शाळेत मुख्याध्यापक होते. इस्त्रीचा शर्ट असल्याशिवाय पेपर आणायलाही बाहेर पडले नाहीत कधी. मी पानच काढून टाकलं.

तसंही ते चाललं नसतंच. हृदयाच्या ऑपरेशनला आकडा असतो, तारीख असते, शेवटी घरी आलेल्या बाळाचा फोटो असतो. आम्ही काय लिहिणार? "यांना पुढची आठ वर्षं रोज कुणीतरी आंघोळ घालायला हवं आहे"?

सदाफुली | बुधवार, दुपारी २.३०

टिवटिव, शेवटचं वाक्य वाचून मी बराच वेळ गप्प बसले. अगदी हेच मला त्या कपाटवाल्या काकांना सांगता आलं नाही.

हिशेबनीस, पैज जिंकलात. आस्थापनेतच आहे, मी आल्यापासून मीच घालतेय. बँकेत तीस वर्षं काढली त्याची लाज वाटली.

लेस्टरकर | बुधवार, संध्याकाळी ७.४५

फटकळ, तुमचा राग चुकीचा नाही, पण एक गोष्ट ऐका.

नॉटिंगहॅमच्या कॅरोल जेनिंग्ज. त्यांचे वडील आणि वडिलांची भावंडं एकामागून एक, पन्नाशीच्या आसपास या आजाराने ग्रासली. १९८० च्या दशकात या बाईंनी लंडनच्या संशोधकांना स्वतःहून पत्र लिहिलं की आमच्या घरात हे चाललंय, तुम्हाला उपयोग होईल का बघा. त्या कुटुंबाच्या रक्तावरून १९९१ साली अल्झायमरशी निगडित जनुकातला पहिला बदल सापडला. मेंदूत साचणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन आजाराच्या मुळाशी असावं, हा सगळा विचार तिथून पुढे गेला. आज लेकानेमॅब वगैरे जी औषधं निघाली आहेत ती त्याच अमायलॉइडवर काम करतात. त्या बाई पुढे स्वतः या आजारात गेल्या, २०२४ मध्ये.

हिशेब करा, पत्रापासून औषधापर्यंत पस्तीसेक वर्षं. इतकी वाट कुठली कंपनी बघते? सुरुवातीची वर्षं, जेव्हा नफ्याचा पत्ता नसतो, ती सरकारी आणि देणगीच्या पैशावरच निघतात. तरी तुमची बाजूही सांगतो. ते औषध आजार थांबवत नाही, फक्त सुरुवातीच्या टप्प्यात उतार थोडा मंद करतं. मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून वारंवार एमआरआय काढावे लागतात. इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी खर्चाच्या मानाने फायदा पुरेसा नाही, असं परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०२५ मध्ये सांगितलं.

आणखी एक. इथे पोस्टकोड लॉटरी म्हणून प्रकार आहे, लोक महिन्याला ठरावीक पैसे भरून नशीब आजमावतात आणि त्यातला हिस्सा धर्मादाय कामाला जातो. त्यातले ५० लाख पौंड रक्ताच्या साध्या तपासणीतून या आजाराचं निदान करता येईल का, या कामाला मिळाले. बाबांच्या वेळी निदानालाच अडीच वर्षं गेली होती. आधी मानसिक म्हणाले, मग थायरॉइड, मग "वय झालं". तेव्हा त्या लॉटरीवाल्यांना मी काही बोलत नाही.

फटकळ | बुधवार, रात्री ९.००

बरं. पत्र लिहिणाऱ्या बाईंना दंडवत. बाकी मुद्द्यांवर विचार करतो. (विचार करतो म्हणालो, मान्य केलं असं नाही.)

मांडवीकाठ | गुरुवार, सकाळी ८.१५

आमच्या गोव्यातलं सांगते, कारण संशोधन म्हटलं की सगळ्यांना प्रयोगशाळा आणि उंदीरच दिसतात.

जगातले दोन तृतीयांश, म्हणजे ६६ टक्के डिमेन्शियाचे लोक विकसनशील देशांत, आणि त्यांच्यावर होणारं संशोधन १० टक्क्यांहूनही कमी. यावरूनच "१०/६६" नावाचा संशोधकांचा एक गट उभा राहिला. गोव्यात "संगथ" ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिथल्या मंडळींनी एक साधा प्रयोग केला, २००८ मध्ये तो छापून आला. दोन तालुक्यांतली ८१ कुटुंबं घेतली. काहींच्या घरी स्थानिक सल्लागार बायका जायच्या. औषध घेऊन नाही! हा आजार म्हणजे काय ते समजावणं, चिडचिड झाली तर काय करायचं, आंघोळीला नाही म्हटलं तर कसं वळवायचं, सरकारी योजनेचा अर्ज कुठे द्यायचा. गरज पडेल तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ. बाकीच्या कुटुंबांना हीच मदत नंतर. ज्यांना मदत मिळाली त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं.

म्हणजे सदाफुली, तुमच्या आया रोज जे करतात तेच, फक्त मोजून लिहून काढलं. सांभाळ वेगळा आणि संशोधन वेगळं असं मला तरी दिसत नाही. तुम्ही वही ठेवता का? कोण आजी किती वाजता अस्वस्थ होतात, कशाने शांत होतात? देणगी मागायला जाताना पंख्याच्या बिलाऐवजी ती वही न्या.

आमच्या शेजारच्या घरातल्या मावशी संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणून स्वतःच्याच घरातून निघायच्या. कुणीतरी त्यांच्या सुनेला शिकवलं की अडवू नको, चप्पल घाल आणि बरोबर चाल. तुळशीला तीन फेऱ्या झाल्या की मावशी म्हणायच्या, "पावलें गो." (पोचले गं.) हे शिकवायला किती खर्च येतो सांगा.

वाळवंट | गुरुवार, सकाळी १०.३०

आकड्यात सांगायचं तर भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असा २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज. अल्झायमरवर काम करणारी आपली राष्ट्रीय संस्था एआरडीएसआय, १९९२ साली केरळात सुरू झालेली. आणि मोठ्या दात्यांचं म्हणाल तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत मेंदू संशोधन केंद्र आहे. इन्फोसिसच्या क्रिस गोपालकृष्णन दांपत्याच्या प्रतीक्षा ट्रस्टने त्याला २२५ कोटी दिले. कोलार जिल्ह्यातल्या खेड्यांतली हजारो माणसं वर्षानुवर्षं तपासत राहायची, असा त्यांचा अभ्यास चालू आहे. असा पैसा एका माणसाच्या सहीने येतो. डायपरचा पैसा तसा येत नाही, तो लोकांच्या खिशातून शंभर-शंभर करत येतो.

अवांतर: मुंबई मॅरेथॉनमध्येही संस्थांसाठी धावण्याची सोय आहे, ते काम युनायटेड वे मुंबई बघते. पण चौदा माणसांच्या केंद्राला ती कागदपत्रं झेपतील का, शंका आहे.

जाईची वेल | गुरुवार, दुपारी ३.५०

धागा थोडा भरकटवते, माफ करा. देणग्या मागणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सासूबाईंना विसर पडायला लागल्याचं आम्हाला कशावरून कळलं, सांगू? पासबुकावरून. एका महिन्यात एकाच संस्थेला अकराशे रुपयांचे सात चेक. फोन यायचा आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "अगं बाई, या वर्षीचं राहिलंच का माझं?" कपाटात साड्यांच्या घडीखाली पावत्या नीट रबर लावून ठेवलेल्या, आणि आभाराची पत्रं.

मी फोन केला तर उत्तर आलं, "त्यांनी स्वखुशीने दिलेत." खोटं नव्हतंच ते. दिलेच होते त्यांनी स्वखुशीने, सातही वेळा.

लेस्टरकर | गुरुवार, रात्री ११.२०

जाईची वेल, इथे याच गोष्टीवरून रान उठलं होतं. ब्रिस्टलच्या ऑलिव्ह कुक, वय ९२, जन्मभर माजी सैनिकांसाठी कागदी पॉपीची फुलं विकून पैसे जमवणाऱ्या. २०१५ मध्ये त्या गेल्या. नंतर चौकशीत निघालं की ९९ संस्थांकडे त्यांचं नाव-पत्ता होता, आणि बऱ्याच संस्थांनी तो दुसऱ्यांकडून मिळवलेला. मृत्यूला संस्था जबाबदार नाहीत असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलं, पण पत्रांचा तो ढीग लोकांनी पाहिला. त्यानंतर देणग्या मागण्यावर नजर ठेवणारी नवी नियामक संस्था आली. आता इथे कुणीही आपलं, किंवा आपल्या आईचं, नाव संस्थांच्या यादीतून बंद करून घेऊ शकतं.

एडिसनची अबोली | शुक्रवार, पहाटे ५.३०

अमेरिकेतून थोडंसं. इथल्या अल्झायमर्स असोसिएशनचं दर वर्षी मोठं पदयात्रेसारखं चालणं असतं, १९८९ पासून, शेकडो गावांत. चालायच्या आधी प्रत्येकाला भिंगरीसारखं एक फूल देतात. निळं फूल म्हणजे मला स्वतःला हा आजार आहे. पिवळं म्हणजे मी कुणालातरी सांभाळतेय. जांभळं म्हणजे माझं माणूस गेलं. केशरी म्हणजे असाच पाठिंबा. मी चार वर्षं पिवळं घेतलं. पाचव्या वर्षी टेबलापाशी गेले, हात सवयीने पिवळ्याकडे गेला आणि मग आठवलं. तिथल्या मुलीने काही न विचारता जांभळं पुढे केलं. पांढरंही असतं, ते मंचावर एकच. या आजारातून बरा होणारा पहिला माणूस कधीतरी येईल, त्याच्यासाठी राखलेलं.

आमच्या मराठी मैत्रिणींच्या गटाने दोनदा दिवाळीचा फराळ विकून पैसे जमवले. चकली संपली, अनारसे उरले. (अनारसे कुणालाच जमले नव्हते.)

वाईचे नाना | शुक्रवार, सकाळी ७.००

मंडळी, वय ७८, हळू टंकतो. तुम्ही लंडन-अमेरिका करून आलात, आता घरात बघा.

आपल्याकडे अनाथाश्रमांनी, वसतिगृहांनी, वेदपाठशाळांनी शंभर वर्षं पैसा कसा उभा केला? तिथीवर. वडिलांच्या तिथीला तिथे जेवण द्यायचं. एकरकमी ठेव द्यायची, तिच्या व्याजावर दर वर्षी त्या तिथीला मुलं जेवणार आणि पंगतीत नाव घेतलं जाणार. माझ्या आजोबांच्या नावाची अशी ठेव आहे, मी बारा वर्षांचा असल्यापासून बघतोय. नाव कुठे कोरलेलं नाही, पण दर वर्षी उच्चारलं जातं.

सदाफुली, तुमच्या आयाबाईंचा दिवसाचा पगार किती? त्याची तिथी करा. "आमच्या आईच्या तिथीला एक आया चौदा जणांना सांभाळील." लोकांना पगार द्यायला नको असतो हे खरं नाही. लोकांना आपल्या माणसाचा दिवस द्यायचा असतो. तो त्यांना तुम्ही देऊ करत नाही, पंखे देऊ करता.

हिशेबनीस | शुक्रवार, सकाळी १०.१५

नाना, नमस्कार. कल्पना फारच आवडली, पण माझा स्वभाव आडवा येतो. आयाचा दिवस साडेचारशे धरा. साडेसहा टक्क्यांनी साडेचारशे व्याज यायला सुमारे सात हजारांची ठेव लागेल. आज बसतं. दहा वर्षांनी आयाचा दिवस आठशे झाला तरी व्याज साडेचारशेच. जुन्या संस्थांत बघा, कधीकाळी शंभर रुपये देऊन कायमची तिथी लावलेली असते. आज त्या व्याजात एक पोळी येत नाही, नाव मात्र घ्यावं लागतं. तेव्हा कायम ठेव नको. दर वर्षी नव्याने द्यायची तिथी ठेवा. आठवण म्हणून एकच पोस्टकार्ड जाईल, फोन नाही. वर जाईच्या वेलीने लिहिलंय ते ध्यानात ठेवून.

वाईचे नाना | शुक्रवार, सकाळी ११.४०

शंभराच्या तिथीचं नाव घ्यावं लागतं म्हणून रडताय होय! बरं, वार्षिक करा. माझी वैशाख शुद्ध सप्तमी लिहून घ्या.

फटकळ | शुक्रवार, दुपारी १२.०५

माझी १४ ऑगस्ट. तिथी माहीत नाही, आई तारखेने गेली. नाव पंख्यावर नको, वहीत नको. कुठे लिहिणार ते सांगा मग पैसे पाठवतो.

सदाफुली | तेवीस दिवसांनी, रविवार, रात्री ९.३०

धागा वर काढतेय.

आधी कंटाळवाणं. तीन वर्षांचे पगार आस्थापनेतून उचलून उद्दिष्टांवरील खर्चात टाकता येतील का, ते आमच्या ऑडिटरांना विचारलं. जुने हिशेब आता बदलता येणार नाहीत म्हणाले, या वर्षीपासून करू. एका कारखान्याच्या सीएसआरवाल्यांकडे नवं पत्रक आणि आयांची वही घेऊन गेले. (मांडवीकाठ, वही सुरू केली. पहिल्याच आठवड्यात कळलं की चारच्या चहाला दहा मिनिटं उशीर झाला की पाच जण एकदम उठून दाराकडे जातात.) अजून हो नाही, पण पंख्याचं नावही कुणी काढलं नाही. जुन्या देणगीदारांच्या यादीतल्या दोघांचा आवाज हल्ली फोनवर गोंधळलेला वाटायचा, त्यांची नावं काढून त्यांच्या मुलांना कळवलं. एकाच्या मुलीचा उलट फोन आला, वडिलांना केंद्रात आणायचंय म्हणून.

तिथ्या सदतीस झाल्या. कपाटवाल्या काकांनी दोन घेतल्या, आईची आणि वडिलांची.

फटकळ, नाव कुठे लिहिणार ते विचारलं होतंत. आमच्या हॉलमध्ये एक फळा आहे. रोज सकाळी आया त्यावर वार, तारीख, महिना, बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मोठ्या अक्षरात लिहितात आणि सगळे मिळून मोठ्याने वाचतात. आजचा दिवस कोणता ते त्यांच्या कानावर पडावं म्हणून. आता त्याखाली एक ओळ वाढली आहे, "आजचा दिवस अमुक यांच्या आठवणीत." पाचला फळा पुसतात.

परवा पहिलंच नाव होतं, नानांनी पाठवलेल्या त्यांच्या धाकट्या बहिणीचं. सगळ्यांनी वाचलं. मग आमच्या सगळ्यात मोठ्या आजी, ज्यांना स्वतःच्या मुलाचं नाव सांगता येत नाही, त्या फळ्याकडे बघत राहिल्या आणि आयाला म्हणाल्या, "या बाई जेवल्या का गं? आल्या असतील तर आधी त्यांना वाढा."